तिसरा रकाना

चित्रपट अकराला संपला
आणि माझ्या टेबलावरचे तिन्ही फोन एकदम ओरडले.
उत्तर डकोटात ऑक्टोबरच्या रात्री
माणसं इतकं बोलत नाहीत.
माझ्यापुढे वही. वहीत तीन रकाने:
तक्रार, कौतुक, इतर.

मी चित्रपट पाहिला नव्हता.
माझ्या खुर्चीतून पडदा दिसत नाही,
त्याचा निळा उजेड तेवढा समोरच्या भिंतीवर
कुणी चाचपडत यावं तसा हलतो.
गोष्ट मला कळली ती फोनाफोनातून, उलटीसुलटी:
एक बहिरा विहीर खणणारा.
गावातली तीन मानाची माणसं.
त्यांनी वरून माती लोटली
तेव्हा तो खाली गुणगुणत होता.
कोर्टात म्हणाले, कड ढासळली.
मग एकेकाच्या अंगणातला हातपंप
रात्री आपोआप वरखाली होऊ लागला.

रॅग्ना ट्वेट म्हणाल्या, भूत दाखवलंच नाही!
दोन तास काय पंपाचा दांडा बघायचा?
तक्रार.
ऑरिन स्कोग, चाळीस वर्षं विहिरी खणलेला:
अशा भुसभुशीत मातीत फळ्या ठोकल्याशिवाय
कुणी उतरत नाही.
आणि बहिरा असला म्हणून काय झालं,
माती हलली की पायांना ऐकू येतं.
तक्रार लिहिलं. खोडलं. कौतुक लिहिलं.
एक बाई म्हणाली, तोंडचं पाणी पळालं हो,
आणि स्वतःच्याच बोलण्याला हसली,
आणि हसता हसता मध्येच थांबली.
पाद्री म्हणाले, सूड देवाने घ्यायचा, टीव्हीने नव्हे.
मग हळूच, पुन्हा कधी दाखवणार?
विमानतळावरचा एक पोरगा खिदळत होता,
चंद्र पुठ्ठ्याचा होता म्हणे, दोरीसुद्धा दिसली.
फोन ठेवताना म्हणाला,
गाडीपर्यंत एकट्या जाऊ नका, बाई.
त्यात खिदळणं नव्हतं.

एक मुलगी कुजबुजली:
बाबांनी पंपाचा दांडा तारेने बांधला.
परत जाऊन आणखी एकदा बांधला.
आमच्याकडे नळ आहे, तो पंप नुसता शोभेचा.
हे कुठे लिहायचं?

हुल्डा ब्रेके, वृद्धाश्रमातून, खणखणीत:
फारच मवाळ.
तिघांनाच का? जज सुटला, ज्युरी सुटली,
खटल्याच्या दिवशी त्यांना
पाय विकणारी ती हॉटेलवाली सुटली.
मी होते अशा एका गावात. पाय चांगला होता.

सव्वाएकला शेवटचा फोन.
आधी नुसता फ्रिजचा घुमघुम आवाज.
मग एक म्हातारा पुरुष:
तिसऱ्याचं काय झालं?
पाहिला नाहीत?
दुसऱ्यापर्यंत पाहिला. मग बंद केला.

माझ्याकडे तीन शेवट होते.
कुणी म्हणालं, त्याने पेला उचलला आणि प्यायला.
कुणी म्हणालं, फावडं घेऊन तो आपणहून गेला, उकरायला.
त्या मुलीने डोळे मिटले होते,
तिला फक्त पाणी ऐकू आलं.
मी दुसरा दिला.
म्हटलं, तो आपणहून गेला. उकरायला.

बराच वेळ फ्रिज.
किती खोल होतं, ते दाखवलं?
ठाऊक नाही, म्हटलं.
सव्वीस फूट, तो म्हणाला.
मग, अगदी सभ्यपणे: चांगला आहे चित्रपट.
कौतुकात लिहा.

मी इतर मध्ये लिहिलं.

सकाळी मॅनेजर लुंडीन यांनी बेरीज केली.
तक्रारी एक्केचाळीस, कौतुक सतरा, इतर दोन.
म्हणाले, पैसाच नव्हता त्या लोकांकडे,
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?
आणि कागदी पेला घेऊन कूलरकडे गेले.
काचेच्या पिंपात खालून
एक मोठा बुडबुडा सावकाश वर आला.
मी तो फुटेपर्यंत बघत राहिले.

सव्वीस फूट हे चित्रपटात होतं की नाही,
मी अजून कुणाला विचारलेलं नाही.